कागद मागा, पण कुलीनता विकत घेऊ नका

१/ थ्रेड. गेल्या पावसाळ्यात बोईसरला माझ्या आत्याच्या घरी लॅब्रॅडोरचे एक पिल्लू आले आणि नवव्या दिवशी गेले. आणले तेव्हा ते पस्तीस दिवसांचे होते. डॉक्टरांनी पार्वो असल्याचे सांगितले. दोन दिवस सलाईन लावले, उपयोग झाला नाही. विकणाऱ्याला फोन केला तेव्हा त्याने उलट एकच प्रश्न विचारला : "पेपर तर ओरिजिनलच दिले होते ना?" त्या प्रश्नामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. तो येथे मांडतो.

२/ आत्याला मिळालेले 'पेपर' म्हणजे पिल्लाच्या आईबापांच्या केनेल क्लब प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स. पिल्लाचे स्वतःचे प्रमाणपत्र 'नंतर येईल' असे आश्वासन होते. कुत्रा घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला ही भाषा ठाऊक आहे : विथ पेपर एक भाव, विदाउट पेपर दुसरा. प्राणी तोच, भूक तीच, आजार तेच. फरक एका कागदाचा. तो कागद नेमके काय सांगतो, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

३/ पिल्लू गेल्यावर आमच्या कौटुंबिक व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडले. एक म्हणाला, पेपर बनावट असणार. खरे रक्त असते तर पिल्लू टिकले असते. दुसरा म्हणाला, पेपर हे इंग्रजांचे थोतांड. गावठी आणा, कधी आजारी पडत नाही. हे दोन्ही तट एकाच गृहीतकावर उभे आहेत : कागद रक्ताची शुद्धता सिद्ध करतो. माझा वाद त्या गृहीतकाशीच आहे.

४/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी एक शिस्त लावली जाते. समोर कोणताही दस्त आला की चार प्रश्न विचारायचे. कोणी लिहिला? कोणासाठी लिहिला? कशाच्या आधारे लिहिला? आणि काय लिहायचे टाळले? सनद असो, करीना असो वा पिल्लाचे प्रमाणपत्र, हे प्रश्न चुकवता येत नाहीत.

५/ वंशाच्या नोंदी आपल्या भागाला नव्या नाहीत. पालघरच्या शेजारच्या केळवे-माहीमशी नाते सांगणारी 'महिकावतीची बखर' वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केली. कोण कोणाबरोबर आले, कोणाचे कूळ कोणते, गोत्र कोणते, याच्या याद्या तीत आहेत. परंतु तिची सहा प्रकरणे एका हातची नाहीत. काही पंधराव्या शतकातील, काही सोळाव्या. म्हणून अभ्यासक ती कुळांचे प्रमाणपत्र म्हणून वाचत नाहीत. त्या त्या काळी कोणाला कोणते कूळ सांगण्याची गरज पडली, याचा पुरावा म्हणून ती वाचतात.

६/ दुसरे उदाहरण इनाम कमिशनचे. १८५२ च्या अकराव्या कायद्याने मुंबई इलाख्यातील इनामदारांना आपला हक्क कागदाने शाबीत करणे भाग पडले. ज्याच्याकडे सनद तो टिकला. ज्याची सनद वाळवीने खाल्ली तो अडचणीत आला. या प्रकरणातून एक गोष्ट कायमची शिकण्यासारखी आहे : कागदाला उत्पन्न जोडले गेले की कागद तयार करण्याचाही धंदा सुरू होतो. 'विथ पेपर' हा शब्द ऐकला की मला इनाम कमिशन आठवते.

७/ आता मूळ विषय. प्राण्यांच्या वंशावळीची छापील पुस्तके प्रथम इंग्लंडमध्ये घोड्यांसाठी निघाली (१७९१), मग शॉर्टहॉर्न गुरांसाठी (१८२२). दोन्हींचे कारण पैशाचे होते : शर्यत आणि पैदास. कुत्र्यांचे पहिले संघटित प्रदर्शन १८५९ मध्ये न्यूकॅसल येथे भरले. त्यात केवळ पॉइंटर आणि सेटर या शिकारी जाती होत्या. पुढे प्रदर्शने वाढली, एकाच नावाची अनेक कुत्री येऊ लागली, फसवाफसवी वाढली. तेव्हा एप्रिल १८७३ मध्ये लंडनला केनेल क्लब स्थापन झाला आणि १८७४ मध्ये त्याचे पहिले नोंदपुस्तक निघाले.

८/ म्हणजे नोंदपुस्तकाचा मूळ हेतू हिशेबी होता. बक्षीस नेमके कोणत्या कुत्र्याला मिळाले, हे ठरवायचे होते. 'पेडिग्री' हा शब्दही असाच साधा. क्रौंच पक्ष्याच्या पायासाठी असलेल्या जुन्या फ्रेंच शब्दांवरून तो आला, कारण वंशवृक्षातील फाटे फुटणाऱ्या रेघा त्या पक्ष्याच्या पंजासारख्या दिसत. रेघा काढणाऱ्या कारकुनाच्या या शब्दाला राजघराण्याचा वास नंतर चिकटला.

९/ 'शुद्ध' जातींचा आरंभ तरी शुद्ध होता काय? गोल्डन रिट्रिव्हर घ्या. स्कॉटलंडमध्ये लॉर्ड ट्वीडमाउथ यांनी नूस हा पिवळा रिट्रिव्हर आणि बेल ही ट्वीड वॉटर स्पॅनियल यांचा संकर केला. १८६८ मध्ये झालेली त्यांची पिल्ले या जातीची पूर्वज मानली जातात. आजच्या बाजारात असे पिल्लू 'मिक्स' म्हणून विदाउट पेपर विकले गेले असते. आज मात्र त्याच संकराचे वंशज हजारोंच्या भावाने 'प्युअर' म्हणून विकले जातात.

१०/ जर्मन शेफर्डचा आरंभ तर अधिक बोलका आहे. १८९९ मध्ये मॅक्स फॉन श्टेफानिट्झ यांनी एका प्रदर्शनात हेक्टर नावाचा मेंढपाळी कुत्रा पाहिला, विकत घेतला, त्याचे नाव बदलून होरांड ठेवले, त्याच महिन्यात संस्था काढली आणि नोंदपुस्तकात त्याला पहिला क्रमांक दिला. मेंढपाळांनी पिढ्यान्‌पिढ्या पोसलेल्या कुत्र्यांतून एक उचलला आणि त्या दिवसापासून 'जात' सुरू झाली. पहिल्या क्रमांकाच्या कुत्र्याला त्याच्या आधीचे पेपर कोणी मागितले नाहीत. शुद्धता म्हणजे वही उघडल्याची तारीख.

११/ एकदा वही उघडली की ती बंद करण्याचा मोह होतो. नोंदलेल्यांचा संबंध केवळ नोंदलेल्यांशीच करायचा, असा नियम झाला की रक्ताचे डबके साचते. डाल्मेशियनमध्ये मूत्राम्लाचा दोष जवळजवळ प्रत्येक कुत्र्यात पसरला. मूतखडे होऊ लागले. १९७३ मध्ये रॉबर्ट शायबल या अमेरिकन संशोधकाने एकाच पॉइंटरशी संकर करून निर्दोष जनुक परत आणले आणि पुढच्या पिढ्या पुन्हा डाल्मेशियनशीच जोडल्या. अमेरिकन केनेल क्लबने त्या वंशाला कायमचे दार उघडले २०११ मध्ये. उपाय हाती असताना अडतीस वर्षे गेली, कारण पूर्वजांत एक परका होता.

१२/ इंग्लंडच्या केनेल क्लबचेही तेच. आई-मुलगा, बाप-मुलगी, भाऊ-बहीण यांच्या संबंधातून झालेल्या पिल्लांची नोंदणी तेथे २००९ पासून नाकारण्यात येऊ लागली. त्याआधीच्या सव्वाशेहून अधिक वर्षांत अशी पिल्लेही 'शुद्ध'च होती; किंबहुना वहीच्या हिशेबाने अधिकच शुद्ध होती. शुद्धता आणि आरोग्य यांची येथे सरळ फारकत दिसते.

१३/ हे वेड कुत्र्यांपुरते राहिले नाही. 'युजेनिक्स', म्हणजे माणसांची निवडक पैदास करण्याचा विचार, हा शब्द फ्रान्सिस गाल्टन याने १८८३ मध्ये घडवला. पूर्वजांचा वाटा संततीत किती, याचा नियम त्याने १८९७ मध्ये मांडला तेव्हा त्याचा आधार काय होता? बॅसेट हाउंड कुत्र्यांच्या एका काळजीपूर्वक ठेवलेल्या वंशावळीची आकडेमोड. कुत्र्यांची वही माणसांच्या मोजमापाला कामी आली. पुढे विसाव्या शतकात या विचाराने काय केले, ते सर्वांना ठाऊक आहे.

१४/ काळाची संगती पाहा. १८७१ मध्ये हिंदुस्थान सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला : जन्मावरून माणूस गुन्हेगार, त्याची नोंद पोलिसांच्या वहीत. १८७२ च्या सुमारास पहिली देशव्यापी जनगणना झाली, तीत जातींचे रकाने आले. १८७३ मध्ये लंडनला कुत्र्यांची वही. यांतील एकामुळे दुसरे घडले असे मी म्हणत नाही. परंतु जन्म नोंदवला की गुण कळतो, ही समजूत त्या दशकाच्या हवेतच होती. गुन्हेगार जमाती कायदा रद्द व्हायला १९५२ उजाडावे लागले.

१५/ आणि त्याच १८७३ मध्ये, २४ सप्टेंबरला, पुण्यात जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. त्याच वर्षी त्यांची 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाली. लंडनमध्ये जन्माच्या नोंदीला प्रतिष्ठा मिळत होती, तेव्हा पुण्यात जन्मावरून येणारी प्रतिष्ठाच नाकारली जात होती. माणसाची कुत्र्याशी तुलना करण्याचा येथे हेतू नाही. तुलना मापाची आहे. जे माप आपल्या माणसांसाठी त्याज्य ठरवायला आपल्याच पूर्वजांनी एवढी झीज सोसली, ते आपण दिवाणखान्यात पुन्हा कौतुकाने का टांगतो?

१६/ 'आमचा प्युअर आहे, गावठी नाही' हे वाक्य सोसायटीच्या जिन्यात ऐका. 'गावठी' या शब्दावरचा आघात ऐका. तो आघात प्राण्यापुरता नसतो. ज्या घरांत वधूवर पाहताना आजही कूळ विचारले जाते, त्याच घरांत पिल्लाचे खापरपणजोबा चॅम्पियन असल्याचे पाहुण्यांना सांगितले जाते. वही साहेबाची असेल, तीत उमटलेला अहंकार आपला आहे. त्यामुळे 'इंग्रजांचे थोतांड' म्हणून हात झटकता येणार नाहीत.

१७/ नोंद नसलेल्या कुत्र्याचे मुंबईत काय होई, तेही पाहू. कंपनी सरकारच्या नियमाने वर्षातील ठरावीक काळात बेवारस कुत्री मारण्याची मुभा होती. मारणाऱ्याला कुत्र्यामागे आठ आणे मिळत. १८३२ मध्ये ती मुदत वाढवली गेली, बक्षिसाच्या लोभाने मालकीची कुत्रीही उचलली गेल्याच्या तक्रारी झाल्या आणि ६ जूनला कुत्र्याला पवित्र मानणारे पारशी रस्त्यावर उतरले. दुकाने बंद पडली, दंगल झाली. आमच्या तारापूर-डहाणू किनाऱ्यावरच्या जुन्या पारशी वस्तीमुळे ही कथा आम्हाला परकी वाटू नये. कागद नसला की जिवाची किंमत आठ आणे होते, हा तिचा अर्थ.

१८/ भारतातील केनेल क्लब, म्हणजे आजचा केसीआय, आपली स्थापना १८९६ ची सांगतो. मुख्यालय चेन्नईला आहे. वसाहतकाळात जन्मलेल्या या वहीत देशी जातींना जागा मिळणे किती गुंतागुंतीचे, याचे उदाहरण आपल्याच दख्खनचे आहे. महाराष्ट्रात ज्याला कारवानी म्हणतात तो सडपातळ, वेगवान शिकारी कुत्रा केसीआयच्या वहीत 'कॅरव्हॅन हाउंड' आहे आणि इंडियन नॅशनल केनेल क्लबच्या वहीत 'मुधोळ हाउंड'. कुत्रा एक, नावे दोन, वह्या दोन. मग 'खरा' कोणता? ज्या माणसांनी त्याला ससा धरायला शिकवले, त्यांची नावे दोन्हीकडे नाहीत.

१९/ त्याच्याभोवती रचलेली प्रतिष्ठाही तपासावी. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी पाचव्या जॉर्जला या कुत्र्यांची जोडी भेट दिली, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. काही ठिकाणी तिचे वर्ष १९३७ दिलेले आढळते. पाचवा जॉर्ज जानेवारी १९३६ मध्येच मरण पावला होता! भेट दिली गेली असेलही. परंतु देशी कुत्र्याला मोठेपण द्यायला आपल्याला बादशहाचा हात लागतो आणि त्यासाठी आपण तारखाही तपासत नाही, हे लक्षणीय आहे. २००५ मध्ये टपाल खात्याने त्याचे तिकीट काढले आणि कर्नालच्या राष्ट्रीय पशु अनुवंश संसाधन ब्यूरोने नोंदवलेल्या पहिल्या श्वानजातींत तो आहे. हा मान त्याला बादशहावाचून मिळाला.

२०/ आता दुसऱ्या तटाशी. 'गावठी कधी आजारी पडत नाही' हेही खोटे आहे. पार्वो, डिस्टेंपर, रेबीज गावठीलाही होतात. पाड्यावर मेलेल्या पिल्लांची मोजदाद कोणी ठेवत नाही, म्हणून ती दिसत नाहीत. जगलेलीच डोळ्यांसमोर राहतात. वाडीची राखण करणाऱ्या, रात्री बिबट्याची चाहूल देणाऱ्या या कुत्र्यांबद्दल मला आदर आहे. दत्ताच्या पायाशी बसलेली चार कुत्री कोणत्या जातीची, हे आपण कधी विचारले नाही, ते योग्यच. पण आदर म्हणजे लस टोचण्यातून सुटका नव्हे.

२१/ मग नोंदणीचा उपयोग काय? उपयोग मोठा आहे, जर ती हिशेबवही म्हणून वाचली तर. पद्धत अशी : नोंदलेल्या आईबापांची पिल्ले झाली की ब्रीडर त्या वेताची खबर क्लबला देतो, पिल्लाचे नाव, जन्मतारीख, लिंग, रंग, मायक्रोचिपचा क्रमांक नोंदला जातो, विक्रीनंतर मालकी खरेदीदाराच्या नावे बदलून घ्यायची असते. ध्यानात घ्या, जन्माची खबर देणारा ब्रीडरच असतो. म्हणजे प्रमाणपत्र हे मूलतः ब्रीडरचे सहीनिशी केलेले निवेदन आहे. वंश अज्ञात असलेले कुत्रेही परीक्षकांनी तपासून नोंदवून घेण्याची तरतूद केसीआयकडे आहे. शुद्धतेची वहीसुद्धा गरज पडली की नजरेवर विश्वास ठेवते.

२२/ या निवेदनात काय नसते? लस दिली की नाही, ते नसते. खुब्याचा एक्स-रे काढला की नाही, ते नसते. आई किती वेळा व्याली, कोणत्या पिंजऱ्यात राहिली, ते नसते. त्यासाठी दुसरा कागद आहे : केंद्र सरकारचे २०१७ चे श्वान प्रजनन व विपणन नियम. ब्रीडरची राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी हवी. आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही. मादी निदान अठरा महिन्यांची झाल्याशिवाय तिचे प्रजनन करता येत नाही आणि आयुष्यात पाचाहून अधिक वेळा तिला विऊ देता येत नाही.

२३/ एक रास्त आक्षेप येईल : पेपर देणारा ब्रीडर निदान सापडतो तरी, विदाउट पेपर विकणारा उद्या कोठे असेल, कोणास ठाऊक. अनेक प्रामाणिक ब्रीडर तपासण्या करतात, पिल्लू परत घ्यायलाही तयार असतात. आक्षेप मला मान्य आहे. नव्हे, माझे म्हणणे तेच आहे. कागदाचे मोल तो माणसाला बांधतो यात आहे. चॅम्पियन पणजोबासाठी जास्त पैसे देणारा खरेदीदार आणि ब्रीडरचा नोंदणी क्रमांक मागणारा खरेदीदार एकच कागद हातात धरतात, पण बाजार घडवतात दोन वेगवेगळे.

२४/ या दिवाळीत पुन्हा पिल्लू घ्यावे, असे घरात बोलणे निघाले म्हणून मी आत्याकडची ती झेरॉक्स मागून घेतली. कपाटातल्या फाइलमध्ये, लाइटबिलांच्या मागे, आत्याने ती जपून ठेवली होती. घरात सर्वांनी तीतील पूर्वजांची नावे वाचली होती. एका नावामागे चॅम्पियन अशी पदवी होती, तिचे कौतुकही झाले होते. आईची जन्मतारीख मात्र कोणी वाचली नव्हती. मी बोटांवर महिने मोजले. पिल्लू जन्मले तेव्हा आई चौदा महिन्यांची होती. कुत्रीचा गर्भकाळ सुमारे त्रेसष्ट दिवसांचा. म्हणजे एक वर्षाची असतानाच तिला लावली होती.

२५/ 'पेपर ओरिजिनलच दिले होते ना?' होय, बहुधा ओरिजिनलच होते. त्यात बनावट काही असण्याची गरजच नव्हती. अठरा महिन्यांचा नियम मोडल्याचा पुरावा विकणाऱ्याने स्वतःच्या हाताने दिला होता आणि पस्तीस दिवसांचे पिल्लू आत्याच्या हाती देऊन आठ आठवड्यांचा नियमही मोडला होता. आम्ही कागदात कूळ शोधत बसलो, म्हणून त्यातली तारीख आम्हाला दिसली नाही. पिल्लू गेले त्यात आमचाही वाटा आहे.

२६/ म्हणून पालघर-बोईसरच्या आणि एकूणच वाचकांना विनंती : कागद जरूर मागा. पहिल्यांदा तारखा वाचा, मग मायक्रोचिपचा क्रमांक, मग ब्रीडरची मंडळाकडील नोंदणी, मग लसीकरणाची पुस्तिका. पिल्लाची आई प्रत्यक्ष पाहायला मागा. ती दाखवायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून उठून या. पूर्वजांची नावे वाचायचीच असतील तर शेवटी वाचा. आणि या सगळ्यानंतर रस्त्यावरचे एखादे पिल्लू घरी आणावेसे वाटले, तर त्यालाही लस द्या, नाव द्या. त्याची वही तुम्हीच सुरू करा.

२७/ आत्याने अजून काही ठरवलेले नाही. विकणाऱ्याचा पुन्हा फोन आला होता. नवे वेत झाले आहे, 'त्याच ब्लडलाइनचे' आहे, सवलत देतो म्हणाला. आत्याने त्याला आईचे वय विचारले. फोन तिकडून कट झाला.

(थ्रेड समाप्त. तारखांत वा तपशिलात चूक आढळल्यास पुराव्यासह सांगावी. दुरुस्ती याच थ्रेडखाली जोडली जाईल.)